गप्प राहिल्याची नोंद

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अमरावतीच्या दाखला-पडताळणी केंद्रातल्या भिंतभर पडद्यावर एक झाड उलटं टांगलेलं दिसत होतं, मूळ वर आणि फांद्या खाली. त्याचं प्रत्येक पान म्हणजे एक निकालपत्र, आणि पानाचा देठ म्हणजे त्या निकालाने दुसऱ्या एखाद्या जुन्या निकालाचा दिलेला दाखला. या झाडाला दाखलावृक्ष म्हणत. सन २०६१मध्ये कोणताही न्यायनिर्णय या झाडाला जोडल्याशिवाय ग्राह्य धरला जात नसे.

पडद्यासमोर दोघं बसली होती. डॉ. हेमलता वानखडे विधिगणितज्ञ होत्या. हे झाड वाढवणाऱ्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. शेजारी ॲडव्होकेट नझीर शेख. वय एकाहत्तर, त्यातली चाळीस वर्षं फौजदारी वकिलीत गेलेली. प्रत्येक प्रकरण यंत्र जाणणाऱ्या एकाने आणि कोर्ट जाणणाऱ्या एकाने मिळून तपासायचं, असा नियम होता.

आजचं प्रकरण सुगंती बेठेकर हिचं होतं. मेळघाटातली ही कोरकू बाई सहा वर्षं तुरुंगात होती. लाकडाच्या वखारीला आग लागून रखवालदार दगावला होता, आणि आग तिने लावली असा तिच्या नावावरचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी तिला मराठीत वाचून दाखवला होता. आक्षेप आहे का, असं विचारलं. नोंदीत पुढचे शब्द होते, ‘आरोपी गप्प राहिली’. गप्प राहिली म्हणजे तिला मान्य आहे, असं धरून जन्मठेप झाली. जबाबाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. आज चार वाजता न्यायपीठ तिच्या शेवटच्या अपिलावर निकाल देणार होतं. त्यानंतर दाद मागायला जागा उरणार नव्हती.

“मौन म्हणजे मान्यता, हा नियम आला कुठून, ते पाहा,” शेखसाहेब म्हणाले.

हेमलताबाईंनी सुगंतीच्या पानापासून वर जायला सुरुवात केली. २०५५चा निकाल २०४९च्या निकालाचा दाखला देत होता, तो २०३८च्या, तो २०११च्या. सगळ्यांच्या वर १९८७चा एक निकाल होता, राज्य विरुद्ध गणू भिवा, परिच्छेद चौदा.

“हा परिच्छेद मी स्वतः दहा वेळा कोर्टात वाचला आहे,” शेखसाहेब म्हणाले. “सगळ्यांना पाठ आहे.”

“परिच्छेद वाचलात की निकालपत्र?”

शेखसाहेब हसले. “बाई, निकालपत्र कोण वाचतो? सिनियरच्या जुन्या अर्जातून दाखला उतरवायचा. त्या सिनियरने त्याच्या सिनियरच्या अर्जातून उतरवलेला. असंच चालून राहिलं ते.”

हेमलताबाईंना हसू आलं नाही. त्यांनी मूळदर्शक सुरू केला. हे यंत्र निकालपत्रातलं प्रत्येक वाक्य मुळात कोणाच्या तोंडचं आहे ते ठरवी. साक्षीदाराचं, वकिलाचं की न्यायाधीशांचं, त्याप्रमाणे वाक्याला रंग चढे. न्यायाधीशांचा रंग निळा होता. परिच्छेद चौदा पिवळा झाला.

“पिवळा कोणाचा?”

“सरकारी वकिलाचा.” हेमलताबाईंचा आवाज बारीक झाला. “न्यायाधीशांनी इथे फक्त त्यांचा युक्तिवाद लिहून घेतला आहे. आता बाविसावा पाहा. हा निळा आहे. ‘हा युक्तिवाद आम्ही फेटाळतो.’”

शेखसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. हरलेल्या वकिलाचं म्हणणं चौऱ्याहत्तर वर्षं न्यायालयाचा नियम म्हणून चाललं होतं. हेमलताबाईंनी खाली लटकलेली पानं मोजली. सहाशे अकरा माणसं या एका परिच्छेदाच्या आधाराने आज तुरुंगात होती.

“दहा वेळा,” शेखसाहेब हळूच म्हणाले. “त्यातल्या दोन वेळा मी फिर्यादीकडून होतो.”

त्यांना खूप लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. पण घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी होती. दोघांनी खंडनपत्रावर सह्या केल्या. मूळ खोटं आहे असं जाहीर करणारा हा दस्तऐवज. तो सरकारी पक्षाकडे जाई. अर्ध्या तासात सरकारने हरकत घेतली नाही, तर तो लागू होई आणि त्या मुळाला लटकलेले सगळे निकाल त्याच क्षणी स्थगित होत. तोंडी सांगितलेलं न्यायपीठ ऐकत नसे. त्यांच्यापुढे फक्त झाड असे.

तो अर्धा तास फार वाईट गेला. हेमलताबाई दर मिनिटाला हरकतीचा रकाना उघडून पाहत होत्या. चहा आला आणि तसाच राहिला. सरकारी पक्षाकडून काहीच आलं नाही.

साडेतीन वाजता मूळ विझलं. पाठोपाठ पानं विझत गेली, वरून खाली, ओळीने. सुगंती बेठेकरचं पान विझलं तेव्हा हेमलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सहाशे अकरावं पान विझलं. मग आणखी एक विझलं, आणि मूळ पुन्हा पेटलं.

“हे काय झालं?” शेखसाहेब उठून उभे राहिले.

“सहाशे बारावं पान आपलं खंडनपत्र होतं.”

“आपलं? ते कायले विझलं?”

हेमलताबाईंनी खंडनपत्राचा देठ वर धरत नेला. “सरकारने अर्ध्या तासात हरकत घेतली नाही, म्हणजे सरकारला मान्य आहे. हा आपला नियम. तो करताना कोणाचा दाखला दिला होता, पाहा.”

पडद्यावर अक्षरं आली. राज्य विरुद्ध गणू भिवा, परिच्छेद चौदा.

शेखसाहेब खुर्चीत बसले. मौन म्हणजे मान्यता नव्हे, हे सांगणारं पत्र सरकारच्या मौनावरच उभं होतं. पत्र खरं मानलं की त्याच्या खालचा आधार जाई. आधार गेला की पत्र पडे. पत्र पडलं की जुना नियम परत येई, आणि पत्र पुन्हा उभं राही. झाड सेकंदाला एकदा विझत होतं, पेटत होतं. स्थिर न झालेलं मूळ न्यायपीठ जुन्या स्थितीतच धरी. तीन वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

“कोणी तरी तोंडाने बोललं पाहिजे,” शेखसाहेब म्हणाले. “गप्प राहून नाही, स्पष्ट शब्दांत. लावा सरकारी वकिलांना फोन.”

सरकारी वकील माधुरी ठोसर पडद्यावर आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना मुद्दा पटला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“शेखसाहेब, हरकत घेऊ नका अशी मला सूचना आहे. मान्य आहे असं म्हणण्याची नाही. त्यासाठी वरून लेखी लागेल. चार दिवस तरी जातील.”

“बाई, एक शब्द बोलायचा आहे.”

“गप्प राहणं माझ्या हातात होतं, ते मी केलं,” ठोसर म्हणाल्या, आणि पडदा बंद झाला.

शेखसाहेबांनी अधिनियमाची पानं उलटली. कलम नऊ. सरकारच्या मान्यतेऐवजी त्या नियमाने बाधित झालेल्या कोणाही व्यक्तीचं स्पष्ट कथन चालेल. आजवर हे कलम कोणी वापरलं नव्हतं. कैद्याला विचारावं असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तीन एकेचाळीसला न्यायालयाच्या कोठडीतून सुगंती पडद्यावर दिसली. चाळिशीची, किरकोळ अंगाची, हिरवं पातळ खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेली. भाषांतरक यंत्राला आता कोरकू येत होती. हेमलताबाईंनी सावकाश प्रश्न विचारला. “तुमच्या जबाबाच्या वेळी तुम्ही गप्प राहिलात. गप्प राहणं म्हणजे कबूल करणं नव्हे, असं तुम्ही स्पष्ट सांगता का?”

सुगंतीने भाषांतर ऐकलं. तिने या दोघांकडे पाहिलं. मग बोलली, आणि भाषांतरकाचा सपाट आवाज खोलीत आला.

“मी गप्प राहिले नव्हते.”

“नोंदीत तसं आहे, बाई,” शेखसाहेब म्हणाले.

“मी बोलले होते. तो साहेब खाली बघून लिहीत होता. मी दोनदा बोलले.”

शेखसाहेब हेमलताबाईंकडे वळले. “ती नोंद लिहिली कोणी?”

“श्रुतलेखकाने. आवाज ऐकून यंत्र लिहितं.” हे म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. “२०५५मध्ये त्याला मराठी, हिंदी आणि इंग्रजी येत होती. बाकी काही ऐकू आलं तर ते त्याला शब्द वाटत नसे.”

“मग ते काय लिहायचं?”

“शब्द नाहीत म्हणजे गप्प.”

मूळ ध्वनिनोंद मोहोरबंद होती, ती उघडायला पाच मिनिटं गेली. निकालपत्रातल्या हजारो वाक्यांचं मूळ त्यांनी शोधलं होतं. गप्प राहण्याचं मूळ शोधायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तीन बावन्नला आवाज सुरू झाला. दंडाधिकाऱ्यांचा प्रश्न, कागदाची खसखस, आणि मग एका बाईचा चढा, घाईघाईचा आवाज. एकोणीस सेकंद. भाषांतरकाने तो मराठीत दिला.

‘आग मी लावली नाही. तुम्ही काय वाचलं ते मला कळलं नाही. मला कळेल असं बोला.’

थोडं थांबून तीच वाक्यं पुन्हा.

“पाठवा,” शेखसाहेब म्हणाले. “नोंददुरुस्तीला आपल्या दोघांच्या सह्या पुरतात. हा कायद्याचा प्रश्न नाही, झालेल्या गोष्टीचा आहे.”

तीन सत्तावन्नला दुरुस्ती गेली. चारच्या ठोक्याला न्यायपीठ बसलं, आणि सव्वाचारला उठलं. आरोपीने आक्षेप घेतलेला असल्याने जबाब पुराव्यातून वगळला होता. दुसरा पुरावा नव्हता. सुगंती बेठेकर निर्दोष सुटली.

शेखसाहेबांनी हेमलताबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. हेमलताबाई मात्र पडद्याकडे पाहत होत्या. झाड तसंच विझत होतं, पेटत होतं.

“साहेब, ती गप्प नव्हती. म्हणजे हा नियम तिला लागूच नव्हता. ती बाधित व्यक्ती नाही. तिचं कथन कलम नऊखाली चालणार नाही.”

“मग जो खरंच गप्प राहिला, असा कोणी शोधू.”

त्यांनी सहाशे दहा ध्वनिनोंदी मागवल्या आणि मूळदर्शकाला लावल्या. साडेसहापर्यंत ते काम चाललं. पहिल्या नोंदीत एक माणूस गोंडीत बोलत होता. दुसरीत एक म्हातारी पारध्यांच्या बोलीत रडून सांगत होती. तिसरीत, चौथीत, पन्नासावीत कोणी ना कोणी बोलत होतंच. प्रत्येक सापडलेल्या आवाजाबरोबर एक दुरुस्ती जात होती आणि झाडाचं एक पान गळत होतं. शेखसाहेबांनी मोजणं सोडून दिलं. त्यांनी स्वतः फिर्यादीकडून चालवलेली दोन्ही प्रकरणं त्यांत होती. दोन्ही माणसं बोललेली होती.

शेवटी मुळाला एकच पान उरलं. ती ध्वनिनोंद त्यांनी तीनदा ऐकली. प्रश्न होता, कागदाची खसखस होती, आणि पुढे खरोखरच काही नव्हतं. नियम ज्याला लागू होतो असा सहाशे अकरा जणांतला हा एकच माणूस होता. खंडनपत्राला आता फक्त त्याच्या स्पष्ट कथनाची गरज होती.

हेमलताबाईंनी त्याची माहिती उघडली. बाबाराव सोळंके, वय बावन्न, राहणार रिसोड तालुका. खाली तुरुंगाच्या डॉक्टरांचा शेरा होता, जन्मापासून मुका व बहिरा.

“याने काय केलं असेल हो त्या वेळी?” त्यांनी विचारलं.

“नाही म्हणून मान हलवली असेल,” शेखसाहेब म्हणाले. “जोरात हलवली असेल. त्याचा आवाज येत नाही.”