लाल मातामाताचे फूल

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, झाडावर चढण्यासाठी वाल्देसिरने पायात अडकवलेले सालीचे कडे तुटले. तेव्हा तो जमिनीपासून बावीस मीटर उंचीवर होता.

तिघांची ही तुकडी एका फुलासाठी निघाली होती. ब्राझीलच्या पारा प्रांतात कुरुआ-मिरीं ओढ्याच्या उतारावर मातामाताची सुमारे तीनशे झाडे आहेत. गावकरी त्यांत दोन जाती मानतात, पांढरी आणि लाल. वनस्पतिशास्त्राच्या यादीत मात्र दोन्ही मिळून एकच जात आहे, सगळीकडे आढळणारी. त्याच यादीच्या आधारे तोडणीला परवानगी मिळाली होती. करवती पुढच्या सोमवारी लागणार होत्या. लाल जात वेगळी असल्याचा पुरावा शुक्रवारपर्यंत शहरातल्या वनस्पती-संग्रहालयात पोचला, तरच फेरविचार होणार होता. पुरावा म्हणजे फांदीसकट ताजे फूल. खाली पडलेले चालत नाही, कारण शेजारच्या झाडांची फुले त्यात मिसळलेली असतात.

अर्ज एकसष्ट वर्षांच्या लेओकादियोचा होता. त्याचे गाव उताराच्या पायथ्याशी आहे. पिण्याचे पाणी त्याच उतारातून झिरपत येते. सोबत त्याचा भाचा वाल्देसिर आणि संग्रहालयातल्या डॉ. इवोनेती.

आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, खडकाळ पाण्यात होडी आडवी झाली. माणसे वाचली. चढाईचे दोर आणि पट्टे वाहून गेले! उरला कसाव्याच्या कंदाचा भाजलेला रवा आणि धुरी दिलेला मासा.

"दोर गेले तर गेले," लेओकादियो म्हणाला. "माझ्या बापानं दोर बघितला तरी होता का? सालीचं कडं वळू."

मंगळवारी आठ वाजता फुललेले लाल मातामाता सापडले. त्याची फुले पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत गळून पडतात. बुंधा कवेत मावणारा नव्हता. शेजारच्या सडपातळ झाडावरून चढून फांदी कापावी लागणार होती. लेओकादियो लांब काठी शोधायला गेला. जाताना भाच्याला बजावून गेला, "पांढऱ्याचीच साल काढ. घाव घातलास की थांब. लाल झाली तर सोडून दे, ती भार पेलत नाही."

दोन्ही झाडे बाहेरून सारखी दिसतात. ताज्या घावाचा रंगही सारखाच, फिकट. लालाचा घाव वारा लागल्यावर काही मिनिटांनी रंग धरतो. वाल्देसिर थांबला नाही.

"डॉक्टरबाई, तुमच्या यादीत दोन्ही एकच ना?"

"यादीत एकच आहे."

"मग झालं! मामाला झाडाशी गप्पा मारल्याशिवाय चैन पडत नाही."

कडे तुटले. पाय सुटले. त्याने खोडाला मिठी मारली आणि तसाच घसरत आला. पाच मीटर. दहा मीटर! हातात एक वेल आली, ताणली गेली, पण टिकली. तो खाली उतरला तेव्हा तळव्यांची सालटी निघाली होती आणि छाती रक्ताळली होती.

लेओकादियोने तुटलेले कडे उचलले. ते आता विटकरी झाले होते.

"आता यादीवर चढ," तो म्हणाला.

"मामा, हात जळतायत. नंतर बोल."

"नंतर पण बोलणार आहे."

त्याने दुसऱ्या झाडावर कोयता मारला आणि घावासमोर उभा राहिला. वर फुले गळू लागली होती. डॉ. इवोनेतींनी घड्याळ पाहिले.

"काका, किती वेळ?"

"सांगेल ती साल."

चार मिनिटांत घाव विटकरी झाला. तो पुढच्या झाडाकडे गेला. पुन्हा घाव, पुन्हा तीच वाट बघणे. पाच मिनिटे, सहा, सात. साल फिकटच राहिली. डॉ. इवोनेतींनी दोन्ही वेळा वहीत लिहिल्या. मग पट्टी सोलली गेली, कडे वळले गेले, आणि म्हातारा चढू लागला.

पंधरा मीटरवर मोठ्या काळ्या मुंग्यांची रांग आडवी आली. एक मानेला चावली. दुसरी डोळ्याखाली! तो थांबला, शिवी हासडली, चढत राहिला. अकरा वाजून पाच मिनिटांनी काठीच्या टोकाचा कोयता फिरला आणि फांदी खाली आली. तिच्यावर तीन धड फुले होती.

या फुलाच्या मध्यावर पुंकेसरांची वळलेली टोपी असते. यादीतल्या जातीत तिचे तीन वेढे असतात. डॉ. इवोनेतींनी पात्याने पहिले फूल उभे चिरले.

"दोन वेढे."

दुसऱ्यातही दोन. तिसऱ्यावर त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

"यात तिसऱ्याची सुरुवात दिसतेय."

"म्हणजे काय?" डोळा सुजलेल्या लेओकादियोने विचारले.

"म्हणजे मी एकटी ठरवू शकत नाही."

"पोरगं पडलं ते पुरत नाही?"

"मला पुरतं, काका. कागदाला पुरत नाही."

नमुने शुक्रवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी संग्रहालयात दाखल झाले. चिठ्ठीवर 'जात अनिश्चित' असे लिहिले आहे. तिथल्या तिघा तज्ज्ञांपैकी दोघांनी ते पाहिले. त्यांची मते जुळली नाहीत. तिसरे प्रवासात आहेत.

सोमवारी दुपारी तीनपर्यंत निर्णय आलेला नव्हता. उतारावर करवत लागलेली नव्हती. ओंडके न्यायचा तराफा मात्र दहा वाजताच काठाला लागला होता, आणि त्यावरची माणसे जेवून बसली होती.