बांधावरचा फेरा

ही हकीकत रात्रीची नाही. अमावास्येचीही नाही. सकाळी अकरा वाजता, डोक्यावर ऊन असताना घडलेली आहे. जिच्यासोबत घडली ती माझी आई, पंचशीला. तिनं मला हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

साल २०१६. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो एप्रिल.

पंचशीला तेव्हा लातूरच्या एका खासगी कचेरीत होती. जंगलांचे नकाशे संगणकावर करून देण्याचं काम. कधीकाळी तिनं रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरली होती. तिथून शिकत शिकत ती या खुर्चीपर्यंत आली होती. नेमणूक मात्र कच्ची. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "मार्चअखेर रेणापूर तालुका पूर्ण करा, तुम्हाला कायम करतो."

काम असं. उपग्रहानं काढलेल्या फोटोवर जंगलाची हद्द आखायची. आत कुणाची शेती, वस्ती असेल तर तेवढा तुकडा वगळायचा. शंका आली तर जागेवर जायचं आणि जीपीएस हातात धरून कडेकडेनं पूर्ण फेरा मारायचा. यंत्र थोड्या थोड्या वेळानं टिक वाजतं, एक ठिपका नोंदवतं. ठिपके जोडले की झाली हद्द.

एका माळावर तिला शंका आली होती.

जंगलाच्या मधोमध दीडेक एकराचा तुकडा. बांधासारखं काहीतरी. एका कोपऱ्यात छपरासारखं काहीतरी. पण दुष्काळातला फोटो. शेत, पडीक, जंगल, सगळं एकाच मातकट रंगाचं. मार्चचे तीन दिवस उरले होते.

ती गेली नाही.

तिनं तो तुकडा जंगलात मिळवून टाकला. एवढंच.

नकाशा मंजूर झाला. तिच्या नावाचं पत्र निघालं. घरी आम्ही श्रीखंड खाल्लं.

चौदा एप्रिलला जयंती. कचेरी बंद. पंचशीला पांढरी साडी नेसून दिवसभर मिरवणुकीत होती. यंत्र कपाटात, कुलूप लावलेलं, सेल काढून ठेवलेले.

पंधराला सकाळी तिनं यंत्र संगणकाला जोडलं. आत एक नवा फेरा होता.

तारीख चौदा. वेळ, सकाळचे अकरा.

"चांदपाशा, काल यंत्र कुणी नेलं होतं?"

चांदपाशा कचेरीची जीप चालवायचा. तो हसला. "ताई, मी तर तुमच्याच मिरवणुकीत सरबत वाटत होतो. यंत्राला पाय फुटले असतील."

तिनं ठिपके नकाशावर टाकले.

हसू तिथंच थांबलं.

ठिपके त्याच तुकड्याभोवती होते. दीड एकर. फेरा पूर्ण, जिथून सुरू तिथंच बंद. चाल फार हळू. दर दहा-बारा पावलांवर थांबणं. परत दहा-बारा पावलं. परत थांबणं...

यंत्रात बिघाड असेल, म्हणून तिनं तो पुसला.

सोळाला पुन्हा होता. अकरा वाजता.

सतराला पुन्हा.

एकोणीस तारखेला ती चांदपाशाला घेऊन निघाली. रेणापूरच्या पुढं रस्ता सुटला, मग गाडीवाट सुटली. शेवटचा पल्ला पायी. यंत्र तिच्या पिशवीत होतं. बंद.

माळावर छप्पर होतं. भोवती दगडांचा बांध, एकही दगड न ढळलेला. छपरापुढं एक बाई भाकरी थापत होती. तिचं नाव चांगुणा.

"जय भीम. बसा," ती म्हणाली. "पाणी मातर इचारू नका."

"इथं कोण राहतं, वैनी?"

"सासू ऱ्हायची. भामाबाई. आमी समदे ऊसतोडीला. तिला म्हणलं, चल आमच्यासंगं. तर म्हणली, तुमी जा. जागेवर माणूस दिसाया पायजे, न्हाईतर उद्या म्हणतील पडीक हाय." तिनं भाकरी उलटली. "सासऱ्यानं ही जमीन फोडली ती लातूर जिल्हा नवा झाला त्या साली. कागद ऱ्हायले जुन्या जिल्ह्यात. कुणाला सापडंनात. म्हणून म्हातारी रोज अकराला बांधावरनं फेरा मारायची. गुडघे गेलेले. दहा पावलं टाकायची, टेकायची. कुणी येणारा-जाणारा बघंल, म्हणायची. इथं कोण बघतंय?"

"मग?"

"मग काय. टँकर यायचा खाली रस्त्यावर, तो बंद झाला. डायवर म्हणला, नव्या नकाशात इथं वस्तीच न्हाई. जयंतीला म्हणून आमी तेराला सांजच्याला आलो, तर बांधावर पडलेली. घागर पालथी. चौदाला सकाळी दहाला माती दिली."

दहाला.

यंत्रातला पहिला फेरा चौदाचाच, पण अकराचा होता.

"तुमी कोण म्हणायच्या?" चांगुणानं विचारलं.

चांदपाशानं पंचशीलाकडं पाहिलं. ती म्हणाली, "पाहणीला आलोय."

त्याच क्षणी पिशवीत आवाज झाला.

टिक.

तिनं यंत्र बाहेर काढलं. पडदा काळा होता.

टिक...

वारा नव्हता. पाखरू नव्हतं. समोरच्या बांधावर दगडाला काठी टेकल्याचा आवाज आला. मग पाय ओढल्याचा. मग काहीच नाही, कुणी दम खायला थांबावं तसं. पुन्हा काठी. बांधावर कुणीच नव्हतं. आवाज मात्र कोपऱ्यावर वळला आणि त्यांच्या बाजूनं येऊ लागला.

टिक.

"या अल्ला," चांदपाशा पुटपुटला.

चांगुणानं मान वर केली नाही. "रोजच असतंय," ती म्हणाली. "आमी काय बोलत न्हाई. तिची ती जाती."

आवाज पंचशीलाच्या समोर आला. आणि थांबला.

या वेळी पुढं गेला नाही.

किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. सांगताना दरवेळी इथवर आली की ती एवढंच म्हणायची, "कुणीतरी माझ्याकडं बघत होतं. रागानं नव्हे. मी आले, याचं बरं वाटल्यासारखं."

मग काठी वाजली. आवाज दूर गेला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढं उभी राहिली. चूक झाली, म्हणाली. तुकडा वगळायचा आहे.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नकाशा वर गेलाय. तुमच्याच सहीनं. आता खोडला तर तुमचं पत्रही रद्द होईल. आणि मला सांगा, बारा महिने राहणारी ती म्हातारी आहे का आज तिथं?"

"नाही."

"मग नकाशा बरोबरच आहे की."

तिनं दोन अर्ज केले. दोन्हींना उत्तर आलं नाही. तिसरा केला नाही. मी तेव्हा नववीत होते, घरात मिळवणारी ती एकटी. जूनमध्ये चांगुणाच्या घरच्यांना नोटीस मिळाली आणि ते कुठंसं निघून गेले. पंचशीला पुढं नकाशांची प्रमुख झाली, तिच्या हाताखाली सहा जण आले. रोज अकरा वाजता ती खुर्चीवरून उठून उभी राहायची. बाकीच्यांना वाटायचं, पाठ दुखते.

फेरे येत राहिले. तिनं पुसणं सोडून दिलं होतं.

यंदा फेब्रुवारीत आई गेली. जलदान विधीच्या दिवशी चांदपाशाचाचा आले. सगळे उठून गेल्यावर त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला.

"बेटा, दाखवावं का नको, लई इचार केला."

कागदावर कचेरीतल्या त्याच यंत्रातून काढलेला तो तुकडा छापलेला होता. तारीख, आईच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवसाची. वेळ अकरा.

ठिपक्यांच्या रांगा दोन होत्या.

एक पुढं. दुसरी तिच्या मागोमाग, हातभर अंतरावर. पुढची जिथं जिथं थांबली होती, तिथं तिथं मागचीही थांबली होती.

पुढची रांग फेरा पूर्ण करून छपरापाशी संपत होती.

मागची संपत नव्हती. ती पुन्हा बांधावर वळली होती. एकटीच.

चाचा अजून अधूनमधून फोन करतात. मी काही विचारत नाही, तेही सांगत नाहीत. रेणापूर इथून फार लांब नाही. अकराच्या आत पोचता येतं.

मी अजून गेलेली नाही.