तहानलेल्या अडुळशाचा मध

"एनु बेकु?"

शाल्मली दचकली. काय हवंय, असं मागून कुणीतरी कन्नडमध्ये विचारत होतं. इंदिरानगरच्या त्या रोपवाटिकेत ती अडुळशाच्या फुलात काचेची बारीक नळी घालून बसली होती. "मेले आता," ती पुटपुटली.

"फुलातला मध चोरणारी पहिलीच बघतोय," तो हसत म्हणाला… चक्क मराठीत! अभिराज. त्याचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. वाटिका त्याचीच.

पाणी तुटलं की फुलं मध किती आखडतात, हे तिला मोजायचं होतं. त्याने वीस कुंड्या दिल्या. दहांना पाणी, दहा कोरड्या. फुलांना मलमलीच्या पिशव्या, म्हणजे मधमाशी शिवायला नको. शहाण्णवचा उन्हाळा तो, नुसता भाजून काढणारा. महिन्याभरात कोरडी फुलं रिती झाली. अजून आठवडाभर मोजलं की ती शनिवारी पुण्याला परतणार होती.

सोमवारी मात्र नळी भरून आली.

माती भेगाळलेली, पानं लोंबलेली, आणि फुलं काठोकाठ! मंगळवारीही तेच. दहाही कुंड्यांत गोडी अगदी एकसारखी. जिवंत झाडं असं कधी करत नाहीत. वारा नव्हता, तरी एक पिशवी हलली. शाल्मलीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ठकुबाई आत्या असेल," अभिराज तिच्याकडे न बघता म्हणाला. "झाडांवर फार जीव तिचा… जाऊन सात वर्षं झाली."

बुधवारी ती उजाडताच आली. धुरकट उजेडात पांढऱ्या पिशव्यांवरून काळं काहीतरी सरकत होतं. मुंग्या! त्यांची रांग थेट अभिराजच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली होती, आणि दारात तो उभा होता, हातात साखरपाण्याची पिचकारी घेऊन.

"फुलं रिकामी, म्हणजे तुमचं काम फसलं असं वाटलं," तो खाली मान घालून म्हणाला. "आणि काम फसलं की… तुम्ही शनिवारी जाल त्या कायमच्याच."

"अहो, रिकामी फुलं हाच माझा पुरावा होता! आता सगळं पुन्हा. पुढचा अख्खा उन्हाळा."

तिला रडू फुटलं. वर्ष गेलं म्हणून, आणि शनिवारचं जाणं टळलं या आनंदाने जास्तच.

"चुकलो. पण शाल्मली, मला तुम्ही हव्या आहात."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात या कोरड्या कुंड्यांपाशी रोज माझ्याबरोबर बसायचं. पाणी नाही, साखर नाही. ती सुकताना नुसतं बघायचं. जमेल?"

"स्वल्प कठीण आहे," तो म्हणाला. "पण बसेन."

"मग मी राहते."