अडकलो तर दोन रिंगा

लाइन गेलीच आहे, तर ऐका. पंखा सुरू होईपर्यंत तेवढाच वेळ जाईल. आणि आधीच सांगून ठेवते, गोष्टीचा शेवट चांगला आहे. निदान मोठीआईच्या बाजूने तरी चांगला आहे.

आमच्या खानदानात मी फोनची डॉक्टर. खरं तर मी नागपुरात गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात बिलिंगला बसते. पण एकदा कोणाचे तरी उडालेले फोटो परत आणून दिले आणि तेव्हापासून लग्नात फुलं टाकायच्या आधी लोक माझ्या हातात फोन टाकतात. कोणाचा हळू चालतो, कोणाचा गरम होतो. भीक नको पण कुत्रा आवर, असं होतं अगदी. म्हणून मे महिन्यात पियुषचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी आधी वैतागलेच.

पियुष म्हणजे मोठीआईचा मुलगा. मोठीआई माझ्या आईची थोरली बहीण, मीराबाई. महापालिकेच्या शाळेत तिने जन्मभर शिकवलं.

"ताई, आईचा फोन पाहून घे ना एकदा," पियुष म्हणाला. "तिले दुपारी बाबाची रिंग येते म्हणते."

त्याचे बाबा, आमचे मोठेबाबा, दोन उन्हाळ्यांआधीच गेले होते.

"फोनमधी काही निघालं तर ठीक," तो हळूच म्हणाला. "नाही निघालं, तर मी येऊन तिले घेऊन जातो. इथं डॉक्टरले दाखवतो. बेस्याचा फ्लॅट विकून टाकू. एकटी कशी ठेवू तिले?"

आता मोठीआई काय चीज आहे ते ऐका. आमच्या घरात भूत, भानामती, अंगात येणं यातलं काही मानत नाहीत. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर ते सगळं सोडलं, ते कायमचं. वस्तीत एका बाईच्या अंगात यायला लागलं, तेव्हा मोठीआईने तिच्या डोक्यावर घागरभर थंड पाणी ओतलं होतं. बाई लगेच शुद्धीवर आली आणि जन्मभर मोठीआईशी बोलली नाही. अशा बाईने हे म्हणावं? पियुषला भीती तिच्या डोक्याची वाटत होती. मला वाटलं, तिची स्वतःचीच भीती तिला खाऊन टाकेल.

सुट्टी होती. मी स्कूटीवर ओढणी बांधून निघाले. नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली नाही, त्याला वाटतं भीती फक्त रात्रीची असते. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानांची शटरं अर्धी खाली, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली. शहराच्या टोकाला, बेस्याला तर नव्या स्कीमच्या इमारती नुसत्या उभ्या, बाल्कन्यांना अजून काचाही नाहीत. मोठीआईच्या मजल्यावर दुसरं कोणी राहायला आलेलं नव्हतं. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागून येत होता.

तिने दार उघडलं. बाई अर्धी झाली होती. ब्लाउजच्या बाह्या हातावर लोंबत होत्या.

"जय भीम, मोठीआई."

"जय भीम. ये वं. घाम पूस आधी, मग पाणी पी. एवढ्या उन्हात काहून आली?"

आत कूलरचा घरघराट आणि त्यातल्या ओल्या खसाच्या गवताचा वास होता. येते म्हणून कळवलं होतं, म्हणून टेबलावर दोन ताटं झाकून ठेवलेली होती. फोन मधोमध, एका दुमडलेल्या रुमालावर.

"जेवली नाही अजून?"

तिने माझ्याकडे न बघता रुमालाचं टोक सारखं केलं. "रिंग आल्यावर जेवतो मी."

ते मला माहीत होतं. मोठेबाबा बुटीबोरीच्या एका मिलमध्ये सिक्युरिटीचे सुपरवायझर होते. दुसऱ्या पाळीला जाताना दुपारी घरून निघायचे. मिलच्या गेटवर पोचले की घरी एक रिंग द्यायचे आणि कापायचे. एक रिंग म्हणजे पोचलो. वाटेत पंक्चर झाली, ट्रक आडवा आला, तर दोन रिंगा. दोन रिंगा म्हणजे अडकलो. फोन उचलायचा नाही, पैसे कशाला घालवायचे? पुढे बोलणं फुकट झालं तरी त्यांची सवय सुटली नाही. आणि मोठीआईचीही नाही. एक रिंग आल्याशिवाय ती पानावर बसायची नाही.

ज्या दुपारी ते गेले, त्या दुपारी एकही रिंग आली नाही. वर्धा रोडवर त्यांना ऊन लागलं. गाडी बाजूला लावून एका झाडाखाली बसले, ते उठलेच नाहीत.

"आता किती वाजतात?" मी विचारलं. "रिंगा, म्हणते मी."

"दोन," ती म्हणाली. "रोज दोनच. मग बंद. पाहायले गेलं तर फोनमधी काहीच नसते. ना नाव, ना नंबर." तिचा आवाज एकदम खाली आला. "नंदिनी, तुले सांगतो, हसू नको. ते वाटेतच अडकले आहेत वं..."

मला हसू येणं शक्यच नव्हतं. एवढ्या गरमीत माझ्या हातावर काटा आला होता.

तेवढ्यात तिने घड्याळाकडे पाहिलं, उठून भिंतीवरची दोन बटणं दाबली आणि कूलर बंद केला. कूलर थांबल्यावर घर इतकं चूप झालं की आतल्या गवतातून टाकीत पडणारे थेंब ऐकू यायला लागले. टप... टप... खसाचा वास जरा वेळाने कुजल्यासारखा वाटायला लागला.

"कूलर काहून बंद केला?"

"ऐकू येत नाही मग."

मी स्वतःलाच दटावलं. नंदिनी, तू फोन पाहायला आली आहेस, घाबरायला नाही. ओढणीची पिन काढली, फोनच्या कडेच्या भोकात टोचली आणि सिम बाहेर काढून एका वाटीत टाकलं. "पाह्य आता. सिमच नाही, तर रिंग कोण देईन?"

आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. बाहेर ऊन पांढरं पडलेलं. दूर कुठेतरी पत्रा तापून कडकन वाजला.

ट्रिंग.

सिम वाटीत होतं. मी वाटीत बघितलं, होतं...

ट्रिंग.

मग काही नाही. पडदा क्षणभर उजळला आणि विझला. मोठीआईने डोळे मिटले होते. "अडकले," ती पुटपुटली.

खरं सांगते, मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण तिच्या त्या लोंबणाऱ्या बाह्या दिसल्या आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. कशाचा ते माहीत नाही. मी फोन उचलला. वर कोपऱ्यात वायफायची खूण दिसत होती.

"मोठीआई, ते दुसरं बटन कशाचं दाबलं तू?"

"वायफायचं. पियुष जेवणाच्या सुट्टीत तोंड दाखवते ना. दिवसभर काहून चालू ठेवू?"

म्हणजे सिम काढून काही उपयोग नव्हता. फोनला नेट मिळतच होतं, रोज याच वेळेला, तिच्याच हाताने. मी सेटिंगमध्ये शिरले. फोनमध्ये आलेल्या सूचना पुसल्या गेल्या तरी त्यांचा माग ठेवण्याची सोय असते, ती चालू केली. मग वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं.

ट्रिंग. ट्रिंग.

या वेळी मी घाबरले नाही. माग काढला आणि तिथे बसलेला चोर सापडला. चिन्ह कोरं, नाव 'मंगल परिणय'.

"हे काय आहे वं?"

मोठीआईने चष्मा लावला. "ते? लग्नाची पत्रिका. विहारातल्या इंदूबाईच्या नंबरावरून आली होती व्हॉट्सॲपवर. उघडलीच नाही कधी, मेली."

"आणि तू काय काय दाबलं?"

"परवानगी मागून राहिलं होतं. दिली."

"सगळ्या?"

"मंग?" ती माझ्यावरच चिडली. "एवढं विचारून तर राहिला होता बिचारा! शाळेत पोरगं उभं राहून परवानगी मागे, तर मी कधी नाही म्हटलं का? आणि लग्नाचं बोलावणं आलं तर न पाहता ठेवून देऊ? लोक काय म्हणतीन?"

मी कपाळावर हात मारला. पत्रिका कसली, ते चोरांचं ॲप होतं. इंदूबाईच्या फोनमध्ये घुसलं, तिथून हिच्याकडे आलं आणि हिने नम्र विद्यार्थी समजून त्याला घराच्या किल्ल्या दिल्या. फोनमध्ये येणारी प्रत्येक सूचना ते वाचत होतं आणि पुसत होतं. नेट मिळालं की आपल्या मालकाला हजेरी द्यायचं, तेव्हा त्याच्या स्वतःच्या दोन सूचना वाजायच्या आणि लगेच गायब. बाकी सगळ्या ॲपची तोंडं पियुषने आधीच दाबून ठेवली होती. आणि साधी 'ट्रिंग' मोठेबाबांनीच लावून दिलेली, रिंगलाही तीच, सूचनेलाही तीच. मोठीआईचं बँकेचं काम पासबुकावर चालायचं, फोनमध्ये बँक नव्हतीच. उपाशी चोर नुसता दारात बसून होता.

फोन सेफ मोडमध्ये सुरू केला, म्हणजे बाहेरून घातलेली ॲप झोपून राहतात. मग त्याचे एकेक अधिकार काढून घेतले आणि त्याला हाकललं. असे चोर ओळखणारी फोनची स्वतःची तपासणी त्या भामट्याने बंद करून ठेवली होती, ती चालू केली. फोन पुन्हा सुरू केला. वायफाय बंद केलं, चालू केलं. आम्ही थांबलो.

काही वाजलं नाही. पुन्हा केलं. काही नाही.

"म्हणजे..." मोठीआई खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे मी पागल नाही झाली."

"बिलकुल नाही."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे, तर ती हसत होती. मग रडली. मग पुन्हा हसली. "मेल्या त्या पत्रिकेच्या नवरदेवाले..." म्हणाली आणि मास्तरीणबाईंच्या तोंडून मी कधी न ऐकलेली एक शिवी ऐकली. माझा जीव भांड्यात पडला. मी माझ्या फोनवरून पियुषला सांगितलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "फ्लॅट राहू देऊ मंग," तो म्हणाला. "आणि ताई, तिले जेवायले लाव."

इंदूबाईला फोन करून विहारातल्या सगळ्या बायांना सावध करायला सांगितलं. त्यांच्यात अर्ध्याजणींनी ती पत्रिका उघडली होती आणि एकीने तर आहेरासाठी साडीही आणून ठेवली होती. मोठीआई हे ऐकून पोट धरून हसली आणि तिने उठून कूलर पुन्हा लावला.

फोनची बॅटरी संपत आली होती. मी तो पूर्ण बंद करून चार्जरला लावायला उठले, तर लाइन गेली. कूलर थांबला, वायफायचा दिवा विझला. म्हटलं राहू दे, आधी जेवू. बंद फोन रुमालावर ठेवला, सिमची वाटी बाजूला. ताटं उघडली. भाकरी, वांग्याची भाजी, दही.

मोठीआई पानावर बसली खरी, पण हात भाकरीवर तसाच राहिला.

"बरं झालं कळलं ते," ती म्हणाली. "पण एक सांगू? ते अडकले होते तोवर... येतीन असं तरी वाटे. आता तर तेही नाही."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने डोळे पुसले आणि भाकरीचा तुकडा मोडला. टाकीत थेंब पडत होते. बाकी सगळीकडे चूप.

ट्रिंग.

एकच.

पडदा काळा होता. फोन मी स्वतः बंद केला होता. माझा फोन पर्समध्ये, तो असा वाजतच नाही. वाटीतलं सिम जागच्या जागी होतं. मी दुसऱ्या रिंगेची वाट पाहत राहिले. ती आली नाही. मी हळूच मोठीआईकडे बघितलं. म्हटलं, आता ही पुन्हा...

तिने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. तुकडा भाजीला लावून तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला. तिच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, कामावरून आलेलं माणूस चपला काढताना जसं दिसतं, तसं काहीतरी होतं.

"पोचले," ती म्हणाली. "दही वाढ वं थोडं."