तेविसावा प्रश्न

तो खरं तर टेबल टेनिस खेळायला आला होता. हातात बॅट, कपाळावर घाम... आणि कारखान्याच्या क्लबात बघतो तर एकोणचाळीस अविवाहित इंजिनिअर माना खाली घालून पेपर सोडवत बसलेले!

"कसली परीक्षा?" त्यानं मला विचारलं.

"परीक्षा नाही, मानसशास्त्राची प्रश्नावली. चाळीस जण हवे होते, एक आलेच नाहीत... बसता?"

तो बसला. १९६४ सालच्या डिसेंबरात, त्या एका गैरहजर माणसामुळे, माझं वाटोळं झालं.

लग्न, शरीर, स्त्री-पुरुषांची ओढ यांबद्दल शिकलेल्या माणसांना मनातून काय वाटतं, ते आकड्यांत मोजायचा आमच्या डॉक्टर त्रिविक्रमांना ध्यास होता. मराठी प्रश्नावली मी लिहिली होती. तीस विधानं, आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच घरं. घरी आत्याला मी टायपिंग करते, एवढंच ठाऊक होतं.

"नाव लिहू नका," मी म्हणाले. "कोपऱ्यात एखादी खूण काढा. सहा आठवड्यांनी हेच पुन्हा भरायचं, तेव्हाही तीच खूण. उत्तरं किती टिकतात ते बघायचं असतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग कोपऱ्यात एक चष्मा काढला. तो चष्मा लावत नव्हता. मी लावत होते.

"सतरावा प्रश्न तुमचाच?" कागद देताना तो हळूच म्हणाला. "'विधवेलाही शरीराची ओढ असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही'... धीट आहात!"

"मी नुसती विचारते. धीट उत्तर देणाऱ्यानं व्हायचं."

"मग बघा की, झालोय का ते!"

बघितलं. पूर्ण सहमत. तेविसाव्यापुढेही – 'मी स्वतः विधवेशी लग्न करायला तयार होईन' – पूर्ण सहमत. पेन इतकं दाबलेलं की शाई मागच्या बाजूला उतरली होती.

नाव पद्माकर, पुण्याहून नोकरीसाठी आमच्या कानडी मुलखात आलेला. रविवारी आम्ही लालबागेत भेटू लागलो. जवळच्या हॉटेलात एक कॉफी, दोन पेले. 'थोडं'ऐवजी मी 'स्वल्प' म्हणायचे, 'बरं'ऐवजी 'सरी'; त्याला तो पोट धरून हसायचा.

"शहाजीराजांच्या वेळेपासून इथं आहोत आम्ही," मी फणकारायचे. "तुम्हीच नवे!"

तिसऱ्या रविवारी मनाचा हिय्या केला. "पद्माकर, मी... एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं माझं. वर्षभरात ते गेले. टायफॉइडनं."

त्यानं पेला खाली ठेवला आणि माझा हात धरला – भर हॉटेलात!

"म्हणून सतरावा प्रश्न?"

"म्हणून."

"त्यानं काय बिघडतं, कावेरी? आई येतेय संक्रांतीला. बोलतो मी तिच्याशी."

त्या संध्याकाळी मी गुणगुणत घरी आले. माझा थोरला भाऊ, रघुपतीअण्णा, आत्याशी भांडून मला कॉलेजात घालणारा, तो माझ्याकडे बघतच राहिला. "कोण आहे ते विचारत नाही मी," तो म्हणाला. "स्वल्प घाई कर मात्र. आत्याला मी बघतो."

संक्रांत झाली. पुढच्या रविवारी पद्माकर आला नाही. कॉफी मी एकटीनं प्यायले, पूर्ण. ती फार झाली.

सहा आठवडे भरले त्या दिवशी क्लबात मात्र तो होता. त्यानं मान वर केली नाही. कागद दिला तो चार घड्या घालून.

ऑफिसात घड्या उलगडल्या. चष्मा होता, पण फिकट. सतरावा : पूर्ण सहमत. तेविसावा : असहमत. पूर्ण असहमत नव्हे, नुसतं असहमत. तेवढी माया शिल्लक होती.

बाहेर पडले तर ऑफिसाच्या फाटकाशी तो उभा होता. "वाचलंस?"

"आम्ही एकेकाचं वाचत नाही. बेरीज करतो."

"आईनं अन्न सोडलं गं... चार दिवस. दोन बहिणी लग्नाच्या आहेत. तोंडानं सांगायचं धाडस होईना. दुसरी खूण काढणार होतो. मग वाटलं, तुला तरी खरं कळावं."

"सतराव्याला अजून सहमत आहात?"

"आहे."

"मग त्या ओढीचं मी काय करू, पद्माकर?"

तो रडायला लागला. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि थोबाडीत मारावीशीही. मी दोन्ही केलं नाही. "सरी," एवढंच म्हणाले. या वेळी तो हसला नाही.

घरी अण्णानं माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता माझं ताट वाढलं. "जेव स्वल्प," म्हणाला. मी जेवले. अजून प्रेम होतं माझं पद्माकरवर, आणि ते कुठं ठेवायचं ते कळत नव्हतं.

महिन्याभरानं डॉक्टरांनी मला बोलावलं. "चाळीसपैकी अकरा जणांचं तेविसाव्याचं उत्तर फिरलंय. हा प्रश्न मोजायच्या कामाचा नाही. काढून टाका."

बाकीच्या दहा जणांची वाट कोण कोण बघत होतं, मला कधी कळलं नाही. मी तांबडी रेघ ओढली. छापलेल्या प्रश्नावलीत तेविसावा प्रश्न दुसराच आहे. सतरावा मात्र तसाच ठेवलाय. त्याला बहुतेक सगळे पूर्ण सहमत असतात.