ओल्या मुठी

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी आणि शकुंतला स्कूटर शोधत सोलापूरभर फिरत होतो. आम्ही दोघी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि रेल्वे लाइन्सजवळ एका खोलीत राहत होतो. हॉस्पिटल एका टोकाला होतं आणि शहराबाहेरच्या ज्या आरोग्य केंद्रावर आम्हाला पाठवत ते दुसऱ्या टोकाला. बस वेळेवर येत नसे. आली तर दारात लोंबकळणाऱ्यांच्या घामट काखा थेट नाकाशी यायच्या.

माझे वडील टेंभुर्णीला शाळामास्तर होते. शकुंतलाच्या घरी करकंबला ऊस होता, पण पैसे सोडायची सवय कुणाला नव्हती. नव्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. तेव्हा दोघींत मिळून एक जुनी घ्यायची, पण रस्त्यात बंद पडणारी नको, एवढ्यावर दोन्ही घरं कबूल झाली. शकुंतला मामाच्या स्कूटरवर उसाच्या रस्त्यानं शिकली होती. मी तिच्या मागे बसणार आणि सवडीनं शिकणार.

मला सहजासहजी किळस येत नाही. फॉर्मालिनमधली प्रेतं चिरून आम्ही डॉक्टर होत होतो. तरी त्या स्कूटरींना हात लावायला नको वाटायचं. लक्ष्मी पेठेतल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची स्कूटर चालत होती बरी, पण पाय ठेवायच्या पत्र्यावर पानाच्या पिंकांचे थर वाळून पापुद्रे सुटले होते. सात रस्त्याजवळच्या वकिलांनी डिकी उघडून दाखवली, तर चिंध्यांत उंदराची गुलाबी पिल्लं वळवळत होती. वकील म्हणाले, "टाकतो हो ती," आणि हसले. आम्ही परत फिरलो.

तिसरी स्कूटर अक्कलकोट रस्त्याला होती. यंत्रमागांचा खटखटाट ऐकत आम्ही काशम्माच्या दारात पोचलो. साठीची, उंच, कपाळाला भस्म लावलेली बाई. अंगणात चादरीखाली स्कूटर झाकून ठेवली होती. मुलाची, संगप्पाची. तो कुठं आहे विचारलं, तर तिनं बंद दाराकडे मान वळवली.

"आत हाय. बरं न्हाय त्याला."

चादर काढली. हिरवट रंग, पत्र्याला पोचा नाही, टायर चांगले. शकुंतलानं किक मारली आणि पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही.

"पेट्रोल लई कमी पितीया," काशम्मा म्हणाली. मग तिनं कमरेचं फडकं काढून हँडलच्या दोन्ही मुठी पुसल्या. पुसून झाल्यावर फडकं मोरीत पिळलं. त्यातून थेंब पडले. पाण्यासारखे नाही, लांबत लांबत पडले.

"रबर हाय. उन्हानं पाझरतंय," ती म्हणाली.

किंमत तिन्हींत कमी होती. आम्ही घेतली.

पहिल्या आठवड्यात ती एकदाही बंद पडली नाही. पेट्रोलही खरोखर फारसं लागेना. सगळ्या वर्गात आमचं कौतुक झालं. पण माझ्या मनात ती भरेना. शकुंतला मला मैदानावर चालवायला शिकवायची, तेव्हा मुठी धरल्या की तळहात बुळबुळीत व्हायचे. भेंडी चिरल्यावर होतात तसे. तो घाम नव्हता. त्याला वास होता, सकाळी चूळ न भरलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा. डेटॉलनं धुतलं तरी जेवताना तो घासाबरोबर नाकापर्यंत यायचा.

"मला तर काहीच येत न्हाय वास," शकुंतला म्हणायची.

मी मुठी बदलून घ्यायचं ठरवलं. नव्या पेठेतला रामहरी मिस्त्री आमच्या ओळखीचा होता. त्यानं पात्यानं रबर उभं चिरलं आणि सोलून काढलं. आतली बाजू काळी नव्हती. गुलाबी होती, ओली होती, आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या होत्या. रामहरीनं नवं रबर बसवलं, मग खाली वाकून दोन्ही हात मातीत घासले. घासतच राहिला.

"ताई, ही पुन्यांदा माज्याकडं आणू नका," तो एवढंच म्हणाला. पैसे मी फळीवर ठेवले, त्यानं हातात घेतले नाहीत.

नव्या मुठी चार दिवस कोरड्या राहिल्या. मग त्याही पाझरू लागल्या.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. बुरशी असेल, नाहीतर काहीतरी जंतू. मी त्या चिकट द्रवाचा थोडा भाग खरवडून काचेवर घेतला, प्रयोगशाळेत रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पसरट, कडा दुमडलेल्या पेशी दिसल्या, प्रत्येकीच्या मध्ये एक गडद ठिपका. बुरशी नव्हती. खात्री करायला मी शिकवणाऱ्या सरांना दाखवलं. कुठून घेतलं ते सांगितलं नाही.

सरांनी एक डोळा मिटून पाहिलं. "गालाच्या आतलं आहे हे. तोंडातलं. कुणाचं आहे?"

मी काच धुऊन टाकली. त्यानंतर मी मुठींना हात लावला नाही. मागेसुद्धा बसले नाही. पुन्हा बसनं जायला लागले, आणि त्या काखा मला आवडू लागल्या म्हटलं तरी चालेल.

शकुंतला मात्र दिवसभर स्कूटरवरच असायची. काम नसलं तरी विजापूर रस्त्यानं लांब जाऊन यायची. आल्यावर ती हात धूत नसे. एका दुपारी ती बाहेरून आली आणि तशीच ताटावर बसली. त्याच हातांनी तिनं भाकरी मोडली, आमटीत कुस्करली, खाल्ली. मग एकेक बोट चोखलं. शेवटी तळहात चाटला, मनगटापर्यंत.

मला मोरीत जाऊन ओकावं लागलं.

परत आले तेव्हा मी तिचा हात ओढून उजेडात धरला. तळहात पांढराफटक आणि फुगलेला होता, दिवसभर पाण्यात राहिल्यासारखा. त्यावर एकही रेघ नव्हती.

"दुखतं?"

"न्हाय. बरं वाटतं," ती म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

"शकू, आपण ती परत देऊ."

"अशी गाडी परत मिळणार हाय का? कधी बंद पडली न्हाय, की पैसे खाल्ले न्हायीत."

"माझा वाटा मला नको. फक्त ती परत दे."

फार विनवल्यावर ती माझ्याबरोबर अक्कलकोट रस्त्याला यायला तयार झाली. मी बसनं गेले, ती स्कूटरवर आली.

काशम्माचं दार या वेळी उघडं होतं. ओसरीवर तिशीचा एक माणूस बसला होता. तब्येतीनं चांगला, गालावर तुकतुकी. तो संगप्पा. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या कापडात घट्ट गुंडाळलेले होते. काशम्मा त्याला घास भरवत होती.

"मावशी, आम्हाला स्कूटर परत करायची आहे," मी म्हणाले. "पैसे नकोत."

काशम्मानं घास हातात धरला तो तसाच राहिला. संगप्पा माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर शकुंतलाच्या हातांवर होती.

"तुमी चालवता?" त्यानं विचारलं.

"व्हय."

तो भिंतीला टेकत मागे सरकला आणि आईला कानडीत घाईघाईनं काहीतरी म्हणाला. त्यात एकच शब्द मला कळल्यासारखा वाटला, कारण तो त्यानं दोनदा उच्चारला. बायी. बायी. मला वाटलं, शकुंतलाला बाई म्हणतोय.

काशम्मा उठली. "आता आमी न्हाय घेत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "त्याला आत्ता कुटं कातडं यायलंय."

दार लागलं. आतून कडी वाजली.

वळून पाहिलं तर शकुंतला स्कूटरवर बसलेली होती. मुठींवर तिची बोटं हळूहळू दाबत होती, सैल होत होती. इंजिन चालू होतं. तिनं किक मारलेली मला ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात अक्कलकोटकडच्या एका सिस्टरना विचारलं, कानडीत बायी म्हणजे काय.

"तोंड," त्या म्हणाल्या.

मी खोली सोडायचं ठरवलं. वसतिगृहात जागा मिळाली होती, त्याआधी थोडे दिवस टेंभुर्णीला जाऊन येणार होते. शकुंतला भांडली नाही. उलट भर दुपारी मला सोडायला एस.टी. स्टँडवर आली. मी तिच्यामागे बसले नाही म्हणून माझी ट्रंक तेवढी तिनं स्कूटरवर आणली. गाडी लागली. मी खिडकीशी बसले. ती खाली उभी होती, शांत, थोडी बाळसं धरलेली.

"येत जा की खोलीवर," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं गजांतून हात आत घातला आणि मी मागे घ्यायच्या आत माझी बोटं धरली.

तळहात गरम होता. ओला होता.

त्या तळहातानं माझी बोटं अलगद आत ओढली. सोडली. पुन्हा ओढली.

बालरोग विभागात मी पुष्कळ तान्ह्या बाळांच्या तोंडात बोट घालून पाहिलं होतं. ती बोट चोखतात आणि आपण हिरडी चाचपतो. शकुंतला माझ्याकडे बघून हसत होती. गाडी हलली, आणि बोटं सुटता सुटता तिच्या तळहातातल्या मऊ भागात मला काहीतरी लागलं. बारीक, टोकदार, नुकतंच वर येऊ घातलेलं.