एका श्वासाची जागा

तोंडात चार टाचण्या धरून भांडता येत नाही, हे तिला वरच्या मजल्याचं दार ढकलल्यावर कळलं.

ती ऑपेराच्या नाट्यगृहात कपडे शिवायची. शिवणखोलीच्या बरोब्बर डोक्यावर सरावाची खोली होती आणि तिथे आठवडाभर कुणीतरी पियानोवर नुसता धुमाकूळ घालत होतं. खालच्या बायकांनी त्याचं नाव 'वादळ' ठेवलं होतं. प्रत्यक्षात वादळ शिडशिडीत निघालं, आणि तिला पाहून चक्क लाजलं.

"फार आवाज होतो का?"

तिने टाचण्या काढून बाहीला टोचल्या. "आवाजाचं सोडा. तुम्ही त्या बाईचा जीव घेताय!"

"कुठल्या बाईचा?"

"जी हे गाते तिचा! शेवटच्या अंकातलंच गाणं ना?"

तेच होतं. ऑपेराच्या गाण्यांवर रचलेली पियानोची फँटसी, म्हणजे मुक्त रचना, होती ती. मूळ चाल दोन अंगठ्यांनी गायची आणि उरलेल्या आठ बोटांनी तिच्याभोवती कारंजी उडवायची! शुक्रवारी ती परीक्षकांपुढे वाजवायची होती. निवड झाली, तर दूरच्या शहरात दोन वर्षं शिकायला मिळणार होतं.

"इथे ती 'जाऊ नकोस' म्हणते... आणि श्वास घेते," ती म्हणाली. "त्या श्वासासाठी मी झग्यात बरगड्यांपाशी दोन बोटं कापड जास्त सोडते. नाहीतर हूक तुटतात."

"पण कागदावर इथे थांबायला सांगितलेलं नाही."

"कागदाला कुठे श्वास लागतो?"

त्याने पुन्हा वाजवलं. "अंहं." पुन्हा. "अंहं!" शेवटी तिने स्वतःच गाऊन दाखवलं. सूर साफ चुकला, पण थांबली मात्र नेमकी. तो हसला नाही. बघतच राहिला... आणि मग तिलाच टाचण्या आठवल्या, नि ती घाईने खाली पळाली.

त्यानंतर ती रोज काही ना काही निमित्त काढून वर जायची. 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"बटणं काय आपोआप लागणार आहेत?" शिवणखोलीच्या मावशी विचारायच्या.

तो सुधारत होता, म्हणजे त्याचं ते दूरचं शहर जवळ येत होतं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय, हे तिला कळत होतं. गुरुवारी त्याने विचारलं, "आता बरोबर?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं!

"बरोबर," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी तो धावत थेट शिवणखोलीत आला. "झाली निवड!"

"अभिनंदन." तिने मान वर केली नाही. "कधी निघणार?"

"पुढच्या महिन्यात. तू... खूश नाहीस?"

"नाही. तू आवडतोस मला. म्हणून आधी थोडी रडणार आहे, मग खूश होईन."

सगळी मशिनं एकदम थांबली. तो स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला. "तिथेही ऑपेराचं नाट्यगृह आहे. शिवणखोलीत माणसं हवीत का, ते मी बुधवारीच विचारलं. हवीत म्हणाले. तुला न विचारता विचारलं, रागावू नकोस. उत्तर तूच द्यायचं."

"बुधवारी? निवड व्हायच्या आधीच? आणि झाली नसती तर?"

"तर इथेच राहून तुला काहीतरी दुसरं विचारलं असतं."

"काय?"

त्याचे कान लाल झाले. मावशींनी उगाचच दोऱ्याचं रीळ शोधायला घेतलं.

तिने डोळे पुसले. "माझी कात्री मी बरोबर घेणार. तिथल्या कात्रीचा मला भरवसा नाही. आणि ते दुसरं काय ते... गाडीत विचार."